उलटी पाटी

पाटी

मेलेल्या माणसाच्या तोंडासमोर पाटी वाजवायची नाही, असा साहेबांच्या युनिटमध्ये नियम होता.

पाटी म्हणजे ती काळी फळी. तिच्यावर खडूने चित्राचं नाव आणि शॉटचा आकडा लिहितात, शॉट सुरू होताना कॅमेऱ्यासमोर धरतात आणि तिचा वरचा दांडा खाडकन आपटतात. आपटण्याला कारण आहे. चित्र एका फितीवर उतरतं, आवाज दुसरीवर. दोघांची एकमेकांशी ओळख नसते. एडिटर दांडा मिटलेला बघतो, 'खाड्' ऐकतो, ते दोन क्षण एकमेकांना लावतो, आणि मग पुढचे सगळे ओठ आणि सगळे शब्द आपोआप जुळतात.

शॉट मरणाचा असला की साहेब सुरुवातीला पाटी लावू देत नसत. नट मरायचा. कॅमेरा चालूच राहायचा. कुणी 'कट' म्हणायचं नाही. मग मेलेल्या नटाने डोळे उघडायचे, उठून बसायचं, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. तो हसला की पाटी उलटी धरून, अक्षरं खाली डोकं वर पाय, दांडा आपटायचा. त्यानंतर साहेब 'कट' म्हणायचे. फक्त साहेबच.

हसण्याचा तुकडा पुढे एडिटिंगमध्ये काढून टाकला जाई. पडद्यावर माणूस मेलेलाच राही. पण फितीवर तो उठलेला असे, आणि युनिटच्या मते तेवढं पुरत असे.

पाटी, रिटेक

नियम आला कुठून, ते साहेब दर वेळी वेगळं सांगत.

तरुणपणी ते एका मोठ्या स्टुडिओत पाटी धरायला होते. तिथे एका नटाने मरणाचा शॉट दिला, शिफ्ट संपली, सगळे घाईघाईने पांगले, आणि नट त्याच संध्याकाळी जिन्यावरून पडला.

जिन्यावरून नाही. ताप भरला.

तो नट नव्हताच. एक्स्ट्रा होता, लढाईच्या दृश्यात पालथा पडलेला. पॅकअप झाल्यावर त्याला उठवायचं सगळे विसरले. सकाळी झाडूवाल्याला तो तसाच सापडला, पालथा.

तिन्ही गोष्टींत पाटी धरणारा हात साहेबांचा होता. तेवढं कधी बदललं नाही.

डबा

साहेब हिंदी चित्रं काढत. निर्माता तेच, दिग्दर्शक तेच. शेवटच्या रिळात त्यांच्या चित्रात कुणीतरी मरायचंच, आणि लोक रुमाल घेऊनच थिएटरात यायचे. धंद्यातली माणसं पाठीमागे त्यांना 'मर्तिकवाले' म्हणत. साहेबांना ते माहीत होतं. एका पार्टीत त्यांनी स्वतःची ओळख तशीच करून दिली आणि म्हणणाऱ्यांची तोंडं उतरली.

त्यांची मुलगी त्यांच्या चित्रांची एडिटर. युनिटमध्ये तिचं नाव 'कात्री'. तिचं पहिलं काम हेच होतं: उठण्याचे तुकडे कापणं. टाकून द्यायचे ते तुकडे तिने टाकले नाहीत. बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात ती ते गुंडाळून ठेवत गेली, तिच्या आधीचे जुनेही कुठून कुठून शोधून आणले, आणि साहेबांचं सगळं आयुष्य त्या डब्यात येऊन बसलं.

पहिल्या चित्रात क्षयाने मेलेली हिरॉईन उठून हसते, खोकला लागतो, पुन्हा हसते. ही मुलीची आई. तेव्हा अजून आई नव्हती, साहेबांची बायकोही नव्हती. दुसऱ्या चित्रात ती बुडून मरते आणि ओल्या केसांनी उठते. आता गळ्यात साहेबांचीच मफलर आहे. तिसऱ्यात गोळी. ते चित्र एवढं चाललं, एवढं चाललं की साहेबांनी ऑफिस घेतलं, ऑफिसला काच बसवली, काचेवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं. चौथ्या चित्रात आई मरत नाही, कारण पोटात मुलगी होती, आणि असल्या पोटाने मरायचं नाही असं मामाने बजावलं होतं. ते चित्र पडलं. त्यानंतर आईने काम सोडलं आणि दुसऱ्या बायका मरू लागल्या. मग बाप मरू लागले, मग मित्र. रंग आला. रंगीत रक्त साहेबांना कधी जमलं नाही, ते टोमॅटोसारखं दिसे, आणि लोक थिएटरात हसू लागले. ऑफिसची काच राहिली, त्यावरचं नाव पुसट होत गेलं. उठणाऱ्यांचं हसूही बदलत गेलं. जुने नट मनापासून हसायचे. नवे घड्याळ बघत हसायचे.

मामा म्हणजे आईचा भाऊ. पहिल्या चित्रापासून पाटी त्याच्या हातात. नंतर तो प्रॉडक्शन सांभाळू लागला, पोट सुटलं, चष्मा लागला, पण मरणाच्या शॉटला पाटी दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. "माझ्या बहिणीला मी इतक्यांदा उठवलंय," तो म्हणायचा, "हात बसलाय."

आणखी एक गोष्ट, पुढे लागणार आहे म्हणून. साहेब घरी कुणाला हाक मारत नसत. उजव्या हातात जाड अंगठी होती. ती लाकडावर वाजवायचे. टेबल, दार, खुर्चीचा हात, जे असेल ते. टक्, टक्, आणि जरा थांबून टक्. घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून मुलगी "आले" म्हणायची आणि उठायची. सवय इतकी की एकदा सुताराच्या हातोडीलाही ती "आले" म्हणाली होती.

आईचं, जसं झालं तसं

आई वारली ती दवाखान्यात, भर दुपारी. खिडकीला हिरवा पडदा होता आणि बाहेर कुणीतरी मोटार सुरू करायचा प्रयत्न करत होतं. नर्स चादर ओढायला पुढे आली. साहेबांनी तळहात वर केला. सेटवर करायचे तसा.

"थांबा जरा."

नर्स थांबली. मुलगी थांबली. मामाही दारात थांबला. बाहेरची मोटार सुरू झाली आणि निघून गेली. नर्सने एकदा मुलीकडे बघितलं, तिला कळेना हे सगळे कशासाठी थांबलेत.

शेवटी मामाच रडू लागला, आणि मग साहेबांनी हात खाली घेतला.

कॉरिडॉरमध्ये ते मुलीशी हळू आवाजात बोलले, रशेस, म्हणजे दिवसभराचं कच्चं चित्रण, बघून झाल्यावर बोलायचे तसे. तोंड वाकडं झालं होतं तिचं, म्हणाले. एक पाय उगाचच बाहेर आला होता. काही म्हणजे काही सुंदर नव्हतं. मग म्हणाले:

"आपण जन्मभर खोटं केलं. आपले सगळे मेलेले उठायची वाट बघत पडलेले असतात. ते दिसतं गं पडद्यावर."

तयारी

त्यानंतर बराच काळ साहेबांनी काही केलं नाही. ऑफिसात जाऊन बसायचे, पेपर उलटसुलट करायचे, घरी यायचे. मग एक दिवस जेवताना जाहीर केलं: शेवटचं चित्र काढतोय. एका म्हाताऱ्याची गोष्ट आहे. म्हातारा मीच. शेवटी खुर्चीत बसल्याबसल्या मरतो.

मुलीचा घास हातातच राहिला. साहेबांचं हृदय दुबळं होतं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या होत्या आणि मोठ्या लाइटांखाली बसायला साफ मनाई केली होती. साहेब म्हणाले, डॉक्टरांना प्रीमियरचा पास देऊ.

चित्र सुरू झालं. साहेब काम बरं करत होते. खरं तर फार चांगलं करत होते. मुलगी रोज त्यांचा चेहरा एडिटिंगच्या मशीनवर पुढे-मागे फिरवायची आणि मनात एक काहीतरी टोचत राहायचं. काय, ते तिला बोट ठेवून सांगता येत नव्हतं.

मग साहेबांनी डबिंग लावलं.

डबिंग नेहमी शेवटी होतं. सगळं शूटिंग संपतं, चित्र जुळतं, आणि मग नट अंधाऱ्या खोलीत उभे राहून आपापले संवाद पुन्हा म्हणतात. साहेबांनी एक शॉट शिल्लक असताना स्वतःचे सगळे संवाद म्हणून टाकले. पार्श्वसंगीत कुठे हवं, कुठे नको, ते संगीतकाराबरोबर बसून ठरवलं. पडद्यावर येणाऱ्या नावांच्या पाट्या पास केल्या. स्वतःचं नाव जरा लहान करायला सांगितलं. पोस्टरही बघून घेतलं. उरला फक्त खुर्चीतला शॉट. त्याला डबिंग लागणार नव्हतं, कारण मरणाच्या शॉटचा आवाज साहेब जागच्या जागी टेपवर घ्यायचे. मरण डब करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मुलीने दिवसभर तो विचार टाळला. संध्याकाळी तो आपणहून समोर येऊन बसला: त्या शॉटनंतर चित्राला बाबांची कशासाठीच गरज नाही.

ती त्यांच्या खोलीत गेली. ते खुर्चीत होते. ही खुर्चीही उद्या सेटवर जाणार होती. घरचीच हवी म्हणाले होते.

"बाबा, डबिंग आधी का उरकलंत?"

"मी निर्माता आहे," साहेब म्हणाले. "शहाणा निर्माता म्हाताऱ्या नटाचं काम आधी उरकून घेतो. मध्येच टपकला म्हणजे?"

ती हसली नाही. त्यांना वाटलं होतं ती हसेल. मग तिने सरळच विचारलं, त्या शॉटमध्ये तुमच्या मनात काय आहे. साहेब अंगठी फिरवत राहिले. म्हणाले, मनात शॉट आहे. एकदा तरी खरा शॉट. या वेळी उठणं नाही, हसणं नाही, उलटी पाटी नाही.

"आणि गोळ्या?"

"त्या घरी आहेत की."

"घरी का आहेत?"

साहेबांनी खुर्चीच्या हातावर अंगठीने हळूच टकटक केली, ती समोर उभी असतानासुद्धा.

वाटाघाट

सेट म्हणजे एक खोली. तीन भिंती, चौथीच्या जागी कॅमेरा. खोटी खिडकी, खिडकीबाहेर खरा लाइट. बाकी सगळीकडे काळे पडदे, त्यामुळे आत कुठली वेळ आहे ते कळत नसे. कॅमेरामनला युनिटमध्ये 'डोळा' म्हणत आणि आवाज घेणाऱ्याला 'कान'. दोघेही साहेबांबरोबर म्हातारे झालेले.

उलटी पाटी नाही म्हटल्यावर मामाने पाटी छातीशी धरली आणि सोडेना.

"दाजी, बाकी कायपण करा. हे नको."

"तुझ्या हातात राहू दे. पण मी सांगितल्याशिवाय वाजवायची नाही."

"आणि कट कोण म्हणणार?"

"मीच."

"मेल्यावर?"

सगळे हसले. साहेबही हसले. म्हणाले, शॉट झाला की मी म्हणेन, आजवर कुणी दुसऱ्याने म्हटलंय का? नव्हतं म्हटलं. युनिटच्या जिवात जीव आला. साहेब 'कट' म्हणणार म्हणजे साहेब उठणार, एवढा सरळ हिशोब होता, आणि त्यात कुणाला खोट दिसली नाही. इतकी वर्षं मरणारा वेगळा आणि 'कट' म्हणणारा वेगळा, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मुलीच्या आलं. पण एडिटरला सेटवर काय विचारतो कोण. ती दाराजवळच्या पडद्याला चिकटून उभी होती, ते सुद्धा रुसून मिळवलेलं.

टेक

साहेब खुर्चीत बसले. गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत शाल. श्वास लपवायला शाल बरी पडते, हे त्यांनीच किती नटांना शिकवलं होतं. उजवा हात शालीबाहेर, हातात चष्मा.

डोळ्याने कॅमेरा चालू केला. कानाने टेप.

म्हातारा खिडकीकडे बघतो. काहीतरी आठवल्यासारखं होतं, मग ते जातं. पापण्या मिटतात. मान खिडकीच्या उजेडाकडे जरा झुकते, झुकते आणि थांबते. बोटं सैल होतात. चष्मा शालीवर घसरतो, तिथून मांडीवर, आणि तिथेच राहतो.

फार सुंदर होतं ते. डोळ्याचे डोळे भरून आले, पण त्याने कॅमेऱ्यावरून हात काढला नाही. कुणीच हललं नाही. कॅमेऱ्याची घरघर तेवढी. मुलगी शालीकडे बघत होती. शाल हलत नव्हती. ती हलायला नकोच होती. तोच तर अभिनय. पण शाल हलत नव्हती. मुलीला हिरवा पडदा आठवला, वर केलेला तळहात आठवला, आणि तिला कळलं की आपण सगळे पुन्हा तसेच उभे आहोत.

ती पुढे झाली. मामाच्या हातून पाटी ओढून घेतली, उलटी केली आणि वडिलांच्या तोंडासमोर खाड् करून आपटली.

साहेबांनी डोळे उघडले.

आधी पाटी बघितली, मग पाटी धरणारे हात, मग चेहरा.

"कात्री," ते म्हणाले, "तू चित्र कापतेस की बापाला?"

युनिट खो खो हसलं. मामा तर खालीच बसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी डोळ्याला विचारलं, कसा होता शॉट? डोळा म्हणाला, साहेब, असा शॉट मी बघितला नाही.

"म्हणूनच वाईट. तुम्ही सगळे वाट बघत होतात. मला बसल्याबसल्या ऐकू येत होतं." त्यांनी चष्मा पुसला. "पुन्हा."

मुलीने सगळ्यांसमोर माफी मागितली. साहेबांना माफी नको होती, शब्द हवा होता: मी 'कट' म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. तिने घासाघीस केली. गोळ्यांची बाटली तिने घरून आणलीच होती. ती तुमच्या कोटाच्या खिशात ठेवू द्याल तर शब्द देते.

साहेबांनी शाल बाजूला केली. "ठेव. तेवढं ऐकतो तुझं."

तिने बाटली डाव्या खिशात ठेवली आणि वरून एकदा हात दाबून बघितला. मग शब्द दिला.

रिटेक: चित्र (आवाज नाही)

ती आता पडद्याच्या मागे, फटीतून बघते आहे. तिथवर काही ऐकू येत नाही. बाहेर जनरेटर आहे, पडदा जाड आहे.

म्हातारा खिडकीकडे बघतो. काहीतरी आठवल्यासारखं होतं. इथवर सगळं मघासारखंच.

चष्मा लवकर पडतो. मान झुकायच्या आधीच. जमिनीवर. हे चुकलं, मुलीच्या मनात येतं. उजवा हात शालीखाली जातो आणि शाल वेडीवाकडी वर येते, पोटापाशी गोळा होते. हात बाहेर राहायला हवा होता. चेहऱ्यावर आता म्हातारा नाही, नुसता एक गोंधळलेला माणूस आहे, जिन्याची एक पायरी हुकल्यासारखा. मान खिडकीकडे जातच नाही. ती कॅमेऱ्याच्या उलट बाजूला पडते, अंधाराकडे. एक पाय पुढे येतो, उगाचच.

वाईट शॉट. इतका वाईट शॉट बाबांनी कुठल्या नवख्या नटाचाही चालवून घेतला नसता. आता उठतील. आता उठतील आणि म्हणतील, पुन्हा.

शाल एका जागी थरथरते, खुर्चीच्या उजव्या हाताजवळ. मग थांबते.

मामा पाटी धरून उभा आहे, सरळ. त्याचा अंगठा दांड्यावर. कान हेडफोन दाबून, मान खाली घालून ऐकतो आहे. त्याच्या कपाळाला आठी पडते आणि जाते. डोळा कॅमेऱ्यामागे. कुणी कुणाकडे बघत नाही. शब्द दिलेला आहे. ती फटीत बोटं रुतवून उभी आहे आणि वडिलांना वाईट अभिनय केल्याबद्दल मनातल्या मनात चार शब्द सुनावते आहे, कारण तोवर दुसरं काही मनात येणार नाही.

मग तिला तोंड दिसतं. वाकडं झालेलं. आणि पाय.

ती ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर इतरांनी सांगितलं. त्या युनिटमध्ये तो शब्द साहेबांखेरीज कुणी पहिल्यांदाच उच्चारला होता, आणि म्हणून कुणीच हललं नाही. डोळ्याने कॅमेरा बंद केला नाही. मामाने पाटी उलटी केली नाही. ती एकटीच चौकटीत धावत आली, शाल ओढली.

उजवा हात खुर्चीच्या लाकडावर होता. डावा कोटाच्या खिशात. मुठीत बाटली, झाकण अर्धं फिरवलेलं.

(इथे एक दृश्य होतं. कापलं आहे.)

कापलेल्या दृश्यात डॉक्टर आहेत, गर्दी आहे, ऑफिसच्या काचेवर कुणीतरी टेकवलेली फुलं आहेत. ते ठेवण्यासारखं नव्हतं. सगळे एकच वाक्य बोलत होते: मनासारखं मरण आलं. सेटवर, खुर्चीत, कॅमेऱ्यासमोर. पेपरांनीही तेच छापलं. एक जुना वितरक मुलीचा हात हातात घेऊन म्हणाला, नशीबवान माणूस, स्वतःचा शेवटसुद्धा स्वतः दिग्दर्शित केला. तिने हात सोडवून घेतला.

बाटलीचं तिने कुणाला सांगितलं नाही. मामाने बघितली होती. तोही बोलला नाही.

रिटेक: आवाज (चित्र नाही)

चित्र पुरं करायचं होतं. मुलीने खुर्चीचा पहिला टेक लावला, तो सुंदर. लोक रडतील याची तिला खात्री होती. डोळे उघडण्याआधी कापला, आणि पुढचा तुकडा, डोळे उघडून पाटीकडे बघणारे बाबा, गुंडाळून डब्यात ठेवला. ते त्यात हसत नव्हते. डब्यातला एकटा न हसणारा.

दुसऱ्या टेकची टेप कान स्वतः घेऊन आला. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवता आली असती. टेबलावर ठेवली आणि जायला निघाला. दारात थांबला.

"बाई, मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, अभिनय."

काय ऐकू आलं, ते विचारायच्या आत तो जिना उतरला होता.

या टेकला पाटीच नव्हती, ना सरळ ना उलटी. म्हणजे चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे, आणि दोघांना जोडणारं काही नाही. तिने नुसता आवाजच लावला. मशीनचा छोटा पडदा पांढरा. कॅमेऱ्याची घरघर. खुर्चीचा करकर आवाज. चष्मा पडल्याचा. कापड. एक श्वास, आत गेलेला. मग बराच वेळ कापडच.

टक्, टक्. टक्.

"आले," मुलगी म्हणाली आणि स्टुलावरून उठली.

उभी राहिल्यावर तिला कळलं आपण कुठे आहोत ते. ती बसली नाही. उभ्यानेच टेप मागे फिरवली. टक्, टक्. टक्. पहिल्यापेक्षा दुसरी हळू. तिसरी लाकडाला नुसती टेकल्यासारखी. मग पुन्हा एकदा, फक्त टक्. मग घरघर, घरघर, घरघर, आणि खूप लांबून एका बाईचा आवाज: कट.

आता जुळवायला जागा मिळाली होती. तिचा स्वतःचा शब्द. त्यापाठोपाठ चौकटीत घुसणारी ती. तिने ते दोन्ही एकमेकांना लावलं आणि मागे मागे येत गेली. शाल जिथे थरथरत होती तिथेच टकटक बसली. काटेकोर. मान पडल्यानंतरची. म्हणजे ती फटीतून बघत होती तेव्हाची. वाईट अभिनय म्हणत होती, तेव्हाची.

टकटक ते 'कट'. मधे किती?

एडिटर वेळ फितीच्या लांबीवरून, हाताने मोजतो. तिने फीत टकटकीपाशी टेबलावर चिकटवली आणि 'कट'च्या दिशेने उलगडत नेली. दोन्ही हात पसरले, पुरले नाहीत. टेबल संपलं. ती मागे सरत गेली, फीत जमिनीवर येत गेली, कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत. दार उघडून कॉरिडॉरमध्ये जावं लागलं. तिथे मामा उभा होता.

त्याच्या काखेत पाटी होती. खडूची अक्षरं तशीच, पुसायचा धीर झाला नव्हता त्याला. त्याने पायाशी आलेली फीत बघितली आणि हे काय म्हणून विचारलं.

"बाबांनी हाक मारली, तिथपासून मी आले तिथपर्यंत," ती म्हणाली.

मामा भिंतीला टेकला. मग हळूहळू खाली बसला, फीत चेंगरू नये म्हणून पाय आवळून. मग काय सांगायला आला होता ते त्याने सांगितलं. झोप लागत नाही. डोळा कालच येऊन गेला. त्यालाही लागत नाही. शॉट अर्धाच राहिलाय. खुर्ची अजून सेटवरच आहे, कुणी हलवायला तयार नाही. आपण दोघं जाऊ, खुर्चीसमोर उलटी पाटी वाजवू, आणि संपवून टाकू एकदाचं.

"वाजवू ना?" तो म्हणाला. "वाजवायला हवी गं."

आतल्या खोलीत मशीन तिने बंद केलेलं नव्हतं. फितीचं टोक सुटून चाकावर आपटत होतं, सारखं, एका लयीत. मुलीने हातातली फीत बघितली. टोकाला तिचा स्वतःचा शब्द होता. कात्री नेहमीप्रमाणे गळ्यात लटकत होती. तिने तेवढा शब्द कापला आणि तो कॉरिडॉरच्या फरशीवर पडला.

"मामा, ठरलं होतं ना आपलं," ती म्हणाली. "बाबांनी सांगितल्याशिवाय नाही."

आणि आत जाऊन तिने फीत पुन्हा सुरुवातीला लावली.